चार सिलिंडर, सारखेच मार्क

बाईंची गाडी रस्त्यावर निघाली की कारंजा गावातली कुत्रीसुद्धा डावीकडून चालायची. माणसांचं तर विचारूच नका. "आल्या रे" असं कोणीतरी म्हणायचं, पानठेल्यावरची टोळी झटकन ओळीत उभी राहायची, हातातली तंबाखू खिशात जायची आणि पन्नाशीचे बापे दहावीतल्या पोरांसारखे जमिनीकडे बघायला लागायचे. यातल्या निम्म्यांना बाईंनी विज्ञान शिकवलं होतं आणि उरलेल्यांच्या पोरांना.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, जमिनीला पोट टेकतंय की काय असं वाटणारी परदेशी स्पोर्ट्‌स कार, रंग पिवळाधमक. चालवणाऱ्या बाई अडुसष्ट वर्षांच्या. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि गळ्यात शाळेतल्या कवायतीची शिट्टी. हॉर्न त्या कधी वाजवत नसत. हॉर्न म्हणजे अंगावर ओरडणं आणि शिट्टी म्हणजे सूचना, असं त्यांचं मत होतं. बाजार समितीच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची कोंडी झाली की बाई गाडीतच उभ्या राहत आणि दोन शिट्ट्या मारत. गाडीवान, हमाल, अडते, सगळे आपापल्या जागी जात आणि रस्ता मोकळा होई.

मी त्यांचाच विद्यार्थी आणि पुढे त्यांचाच भाडेकरू. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी लोक माझ्याकडे आणायचे आणि मी त्यांच्यात नवी तार भरून द्यायचो. त्यामुळे बाई मला दिवसातून दहा वेळा दिसायच्या आणि वीस वेळा ऐकू यायच्या. गाडी इतकी बुटकी की तीत बसणं म्हणजे खाली पडणंच होतं, आणि उतरणं हा तर एक कार्यक्रम. आधी दार, मग पिशवी बाहेर, मग एक पाय, मग जरा विचार, मग दुसरा पाय. मी मदतीला हात पुढे केला की हातावर फटका बसायचा. "गुरुत्वाकर्षण माह्या वळखीचं हाय," त्या म्हणायच्या, "तू मधात पडू नको."

"पाह्य, मंग बोल" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाची मोटर न उघडताच मी एकदा "जळाली" म्हणून सांगितलं, ते त्यांनी आतून ऐकलं. बाहेर आल्या आणि माझ्याकडून त्या गिऱ्हाइकासमोर मोटर उघडवून घेतली. मोटर जळालेली नव्हती, आत सरड्याने बस्तान मांडलं होतं. पुढे आठ दिवस त्या मला 'सरडा' म्हणत होत्या आणि मलाही ते मान्य होतं.

गाडी आली कशी, तेही सांगून टाकतो. निवृत्त झाल्यावर बाई महिनाभर पुण्याला धाकट्या भावाकडे गेल्या होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं, घरात एकट्याच. ताईने आता कायमचं आपल्याकडे यावं, असं भावाचं म्हणणं. भाऊ मनाने फार चांगला, पण काळजी करणं हाच त्याचा पूर्णवेळ उद्योग. रोज फोन करायचा आणि पहिलं वाक्य असायचं, गॅस बंद केलास का. तर त्याच्या सोसायटीतला एक जण परदेशी जाताना ही गाडी विकत होता. बाईंनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेला आत बसून बघितलं आणि गाडी घेऊन टाकली. भावाने कपाळाला हात लावला. तेव्हा बाईंनी वहीचं पान फाडून त्याला लिहून दिलं, की ही गाडी चालते तोवर मी कारंज्यात राहीन आणि तिचं इंजिन संपलं की तुझ्याकडे येईन. खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुण्याहून निघून दिवेलागणीला कारंज्यात हजर. शेजारच्या सीटवर सोसायटीच्या माळ्याने दिलेलं लिंबाचं रोप होतं, त्याला पट्टा लावलेला.

आता कोणी म्हणेल, वहीच्या पानाचं काय एवढं. असं म्हणणाऱ्याने बाईंना पाहिलेलं नाही. आम्ही नववीत असताना त्यांनी वर्गात नियम केला होता, की उशिरा येईल तो तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभा राहील. एके दिवशी एसटी बिघडली आणि बाईंनाच उशीर झाला. त्या आल्या, दाराशी थांबल्या आणि अख्खा तास व्हरांड्यात उभ्या राहिल्या. तिथूनच, खिडकीतून, त्यांनी आम्हाला भिंगाचे गुणधर्म शिकवले. मुख्याध्यापक येऊन विनवण्या करून गेले, पण बाई आत आल्या नाहीत. अशा बाईने लिहून दिलं म्हणजे ते दगडावर कोरल्यासारखंच होतं.

गाडीची खरी कीर्ती झाली ती लग्नांमुळे. नवरदेव मारोतीच्या पाया पडून मांडवाकडे निघतो तेव्हा त्याला घोडा लागतो, आणि घोडे हल्ली भारी नखरे करतात. कोणीतरी बाईंना विचारलं आणि बाई हो म्हणाल्या. पैसे घेत नसत. अट एकच होती. गाडीत बसण्याआधी नवरदेवाने विज्ञानाच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. बँड थांबायचा, वऱ्हाडी कान टवकारायचे आणि बाशिंग बांधलेला तो गरीब जीव घाम पुसत उभा राहायचा. आसेगावच्या एका नवरदेवाला त्यांनी विचारलं, कुकरची शिट्टी काहून वाजते. तो म्हणाला, भात झाला म्हणून. सगळे खो खो हसले, पण बाई हसल्या नाहीत. उत्तर अर्धं बरोबर आहे, असं म्हणून त्यांनी त्याला अर्ध्या रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथे उतरवून दिलं. उरलेला अर्धा रस्ता तो बँडबरोबर चालत गेला. पुढे तालुक्यातली उपवर पोरं आठवी ते दहावीची पुस्तकं शोधायला लागली, आणि मुलींचे बाप "बाईंची गाडी मिळंन त्यालेच पोरगी" असं म्हणू लागले.

आमच्याकडे लग्नात अक्षता ज्वारीच्या असतात. हळदी-कुंकवात रंगवलेली ज्वारी मूठमूठ वाटतात. मांडवात मागे बसलेल्यांच्या अक्षता काही नवरदेवापर्यंत पोचत नाहीत, पुढच्यांच्या टाळक्यात पडतात. बाईंच्या उघड्या गाडीने ही अडचण मिटवली. गाडी मांडवाच्या दारात आली की बाया-पोरं तिथेच हात साफ करून घेत. नवरदेवाच्या बरोबरीने बाईंवरही ज्वारीचा मारा व्हायचा. एकदा एक दाणा त्यांच्या कानात गेला. बाईंनी शिट्टी मारली, गाडीत उभ्या राहिल्या आणि भर वऱ्हाडात जाहीर केलं, "माह्या डोक्यात टाकू नका. टाकाच्या असंन त बॉनेटवर टाका. नवरदेवाले गाडीनं आणलं, मान तिचा हाय." लोकांना हे भयंकर आवडलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात आधी गाडीला अक्षता आणि मग नवरा-नवरीला. रविवारी बाई पाइप लावून गाडी धुवायच्या, ज्वारी वाहून जायची आणि गाडी पुढच्या लग्नाला तयार.

त्या वर्षी लग्नं दणकून झाली. हंगाम संपता संपता गाडीला धाप लागायला लागली. चढावर दमायची, आचके द्यायची, मागून काळा धूर सोडायची. शेवटी मंगरूळपीरच्या रस्त्यावर तिने एक लांबलचक ढेकर दिली आणि बसली. एका ओळखीच्या ट्रॅक्टरने दोर बांधून ओढत आणली. ओढल्या जाणाऱ्या गाडीत बाई ताठ बसल्या होत्या आणि ट्रॅक्टरवाला वळताना हात दाखवत नाही म्हणून सबंध रस्ता शिट्टी वाजवत होत्या.

अशी गाडी उघडायची आमच्याकडे कोणाची छाती नव्हती. म्हणून ती ट्रकवर चढवून नागपूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. मी सोबत होतो. काचेच्या भिंती, गारेगार हवा, आणि मेकॅनिकच्या हातात डॉक्टरसारखे मोजे. त्यांनी गाडीला वायरी जोडल्या, संगणक लावला, आणि तिसऱ्या दिवशी टाय लावलेल्या एका पोराने आम्हाला बसवून निदान सांगितलं. चारही सिलिंडरमध्ये दाब उरलेला नाही, इंजिन आतून झिजून संपलं आहे, आता दुरुस्ती नाही. नवं इंजिन बाहेरच्या देशातून मागवावं लागेल. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. तेवढ्या पैशांत कारंज्यात दोन खोल्या बांधून वर रंगही देता आला असता. बाईंनी त्याला एकच विचारलं, आत काय झालंय ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का. तो गोड हसला आणि म्हणाला, मॅडम, मशीनने मोजलंय. आयुष्यभर बाईंनी पोरांना शिकवलं होतं, की मापावर भांडायचं नसतं. शिक्का मारलेला अहवाल त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला आणि गाडी परत ट्रकवर चढवायला सांगितली.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःहून भावाला फोन लावला. इंजिन गेलं, म्हणाल्या, लिहून दिल्याप्रमाणे मी येते. भाऊ जिंकला म्हणून आनंदला वगैरे नाही. त्याने नुसता मोठा श्वास सोडला, तो मला फोनबाहेर ऐकू आला. रविवारी टेम्पो घेऊन येतो, म्हणाला.

मग बाई घर आवरायला लागल्या. प्रयोगाच्या नळ्या शाळेला दिल्या, पुस्तकं वाचनालयाला, मला एक लोहचुंबक आणि खडूचा अख्खा डबा. पानठेल्यावर सभा भरली. कोणी म्हणे चाकाखाली लिंबू ठेवा, कोणी म्हणे भावालाच इथे आणा, कोणी म्हणे तो अहवालच हरवून टाका. यातलं हरवण्याचं काम माझ्याकडे आलं. ते काही मला जमेना, म्हणून मी बाईंनाच जाऊन म्हटलं, "बाई, भावाले सांगा ना का इंजन थोडंसंच बिघडलं. त्याले काय समजते?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी लिहून देल्लं हाय."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. माझ्या आईनंतर मला रोज रागावणारं दुसरं माणूस नव्हतं. बाई गेल्यावर मी कोणाच्या धाकाने मोटरी उघडून बघणार होतो, कोण जाणे. मी दुकानात जाऊन एका धडधाकट मोटरीची तार उगीचच उसवत बसलो.

शनिवारी दुपारी आतून तीन शिट्ट्या आल्या. तीन म्हणजे धावत या. मी हातातलं टाकून पळालो. बाई कागदांच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या. कोणताही कागद तपासल्याशिवाय टाकायचा नाही, ही त्यांची जुनी खोड, आणि टाकायच्या कागदांत तो नागपूरचा अहवाल निघाला होता. त्यावर लाल पेनने ठिकठिकाणी गोल काढलेले.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या. "चारी सिलिंडरले सारखेच मार्क."

"मंग?"

"मंग काय? तीस वर्षं पेपर तपासले मी. चार पोरं एकाच वेळी, एकाच आकड्यावर नापास होत नाहीत. झाले, त पोरात खोट नसते. चौघायले जे एकाच जागेवरून भेटते, त्यात खोट असते."

चौघांना एकाच जागेवरून काय मिळतं, हा प्रश्न त्यांनी मला टाकला आणि मी पुन्हा नववीत जाऊन बसलो. पेट्रोल, मी म्हणालो. बाई म्हणाल्या, पेट्रोल पोचतंय, म्हणून तर काळा धूर निघतो, पोचलेलं सगळं जळत नाही एवढंच. जळायला काय लागतं? हवा, मी म्हणालो. इंजिनात हवाच गेली नाही, तर दाबायला आत आहे काय, आणि मशीन तरी मोजणार काय? बाईंनी अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'एअर फिल्टर : ठीक' असं छापलेलं, पुढे बरोबरची खूण, आणि त्याभोवती लाल गोल. शेजारी बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'कोणी पाहिला?'

मी पेचकस घेऊन गाडीकडे धावलो, मागून बाई. बॉनेटच्या मधोमध हवा आत घेण्यासाठी एक फट होती आणि तिच्यातून एक जाडसर नळ फिल्टरच्या डब्यात उतरत होता. मी डब्याचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि समोर काय आहे ते मला क्षणभर कळेचना. आत शेत होतं. ज्वारी! हळदीची पिवळी, कुंकवाची लाल, पाण्याने फुगून एकमेकींना चिकटलेली, आणि वर बोटभर उंचीचे फिकट हिरवे कोंब. नळही तसाच गच्च. सबंध हंगामातल्या नवरदेवांच्या अक्षता तिथे पोचल्या होत्या आणि बाईंनी दर रविवारी पाइप लावून त्यांना पाणी दिलं होतं.

बाई बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना गचके बसायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या. हसता हसता अंगणात खाली बसल्या, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागल्या. मीही त्यांच्या शेजारी फतकल मारली.

"माह्याच तोंडानं सांगतलं होतं मी, बॉनेटवर टाका म्हणून," शेवटी त्या म्हणाल्या. मग त्यांनी अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने मार्क दिले. वर्कशॉपला दहापैकी दोन, आणि खाली स्वतःचं नाव लिहून शून्य. "त्यायनं निदान मोजलं त सही," म्हणाल्या. "मी त न पाह्यताच घर आवरून राह्यली होती."

दोन टोपल्या ज्वारी निघाली. ती शेजारच्या शेळीने मोठ्या आवडीने खाल्ली. माझ्या दुकानातला ब्लोअर लावून मी नळ, डबा, फिल्टर सगळं कोरडं केलं. बाईंनी किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी खोकली, दुसऱ्यांदा खोकली, आणि तिसऱ्यांदा अशी गरजली की पानठेल्यावरचे सगळे रस्ता ओलांडून धावत आले. मी नाचलो. लाजण्यासारखं काही नाही, बाजार समितीचे सचिवही नाचले. फक्त बाई गाडीत बसून घड्याळाकडे बघत होत्या. पाच मिनिटं चालू दे, मग बोलू, म्हणाल्या. पाच मिनिटांनी बोलल्या, "हाय जित्ती."

पण हे सगळं भावाला पटायला हवं होतं. तो रविवारी सकाळी आला, इस्त्रीचा शर्ट, मागे रिकामा टेम्पो. बाईंनी त्याला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. आपली चूक तर आधी सांगितली. त्याने शिक्क्याचा अहवाल दोनदा वाचला, लाल गोल बघितले, आणि मान हलवली.

"ताई, तज्ज्ञांनी लिहून दिलंय आणि तू त्यांना मार्क देतेस," तो म्हणाला. "उद्या रस्त्यात पुन्हा बंद पडली तर? तू एकटी असशील. तू फोन उचलेपर्यंत रोज माझा जीव थाऱ्यावर नसतो, हे तुला माहीतच नाही."

हे तो इतकं खरं बोलला, की मला त्याच्यासाठीही वाईट वाटलं. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी त्याला कुठलाच प्रश्न विचारला नाही. नुसतं दार उघडून दिलं. "पाह्य, मंग बोल. बस."

तो बसला म्हणजे बाकी सगळ्यांसारखाच आत पडला. मी मोटरसायकल घेऊन मागे निघालो, पण गावाबाहेर पडताच ती पिवळी गाडी मला फक्त ठिपक्याएवढी दिसली आणि मग तीही नाही. आसेगावला पोचलो तेव्हा चहाच्या टपरीपाशी गर्दी होती. मधोमध भाऊ, केस उभे, इस्त्री मोडलेली, हातात चहा. कुकरवाला नवरदेव त्याला आपल्या अर्ध्या रस्त्याची गोष्ट हातवारे करून सांगत होता. आता त्याला सहा महिन्यांची मुलगी होती आणि तिला तो बाईंच्या पायांवर घालायला घेऊन आला होता. एक बाई घरचे आंबे देत होती, दुसरी विचारत होती, "पुण्याले जाऊन राह्यल्या म्हणे तुमी, मंग आमच्या पोरीच्या लग्नात कोन इचारनार?" भाऊ एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. पुण्यात ताईला सोसायटीतले लोक 'यांच्या बहीण' म्हणून ओळखत.

परतताना मी आधी निघालो. फाट्यावर थांबून मागे पाहिलं तर गाडी येत होती, पण तिची चाल वेगळी होती. दोन उड्या, मग थांबणं, मग एक लांब झेप. जवळ आली तेव्हा दिसलं, स्टीयरिंगवर भाऊ होता. जी गाडी बाईंनी आजवर कोणाला चालवू दिली नव्हती, ती भाऊ चालवत होता आणि बाई शेजारी बसून गिअर बदलायच्या वेळी शिट्टी मारत होत्या. दोघं इतके हसत होते की मी रस्त्याच्या कडेला आहे हे त्यांना दिसलंही नाही.

टेम्पोवाला अंगणात वाट बघत होता. काय काय भरायचं, त्याने विचारलं. भाऊ म्हणाला, काही नाही. बाईंनी टेम्पोवाल्याला पोटभर जेवायला घातलं आणि परत पाठवलं. आवरलेलं सामान पुन्हा जागेवर लावायला मी गेलो. खडूचा डबा मात्र मी परत केला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो. भाऊ ओट्यावर उभा राहून पुण्याला बायकोशी फोनवर बोलत होता. खांद्यावर बाईंचा जुना टॉवेल, डोक्याला रुमाल. ताईला घेऊन कधी निघताय, असं वहिनी विचारत असाव्यात. गेली चाळीस वर्षं पुण्याची भाषा बोलणारा हा माणूस म्हणाला, "चार-आठ दिवस लागतीन मले. तिसरा गेर अजून बराबर पडून नाही राह्यला."